‘खाली’ म्हणजे काय, हे तास ठरवतो

उर्दूच्या तासाला ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीच्या तासाला ‘खाली’ म्हणजे ‘वर’च्या उलट. हिंदीच्या पुस्तकातली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत तीच शिक्षा म्हटली की मुले हात मागे लपवतात. फळ्यावर नुसता शब्द लिहिला तर त्याचा अर्थ सांगता येत नाही. तास कोणता चालू आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट रोज समजावून सांगावी लागते. आज मात्र हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत सांगायची आहे, कारण तिथे ती विसरली तर गुण जात नाहीत, लोकांची गुपिते धोक्यात येतात.

मोबाइलवर बँकेचे पान उघडले की काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी कुलूप दिसते. अशी कुलपे बनवण्याचे तयार साहित्य ज्या संग्रहांत मिळते, त्यांना प्रोग्रामर ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांचे वाचनालय नव्हे, तयार हत्यारांची पेटी. त्यातली सर्वांत प्रसिद्ध पेटी म्हणजे ओपनएसएसएल. 1998 पासून ती कोणालाही फुकट मिळते आणि जगभरचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. 2014 च्या एप्रिलमध्ये तिच्यातली ‘हार्टब्लीड’ नावाची एक चूक उघडकीस आली, तेव्हा साऱ्या जगाची धावपळ उडाली होती. एकच पेटी सगळे वापरत असले की असे होते.

7 सप्टेंबर 2021 रोजी या पेटीची 3.0 ही आवृत्ती आली आणि तिने दोन नव्या कल्पना आणल्या. पहिली ‘प्रोव्हायडर’, म्हणजे कुलपे पुरवणारा. आजची भरवशाची कुलपे ‘डिफॉल्ट’ या प्रोव्हायडरकडे असतात. आरसी2, आरसी4, ब्लोफिश, साधे डीईएस यांसारखी मागे पडलेली कुलपे ‘लेगसी’कडे ठेवली आहेत आणि तो मागितल्याशिवाय येत नाही. दुसरी कल्पना ‘लायब्ररी कॉन्टेक्स्ट’. प्रोव्हायडर कोणते आणि नियम कोणते, हे एका कॉन्टेक्स्टपुरते ठरते. प्रोग्राममधला एक भाग एका कॉन्टेक्स्टमध्ये काम करतो, दुसरा भाग दुसऱ्या, आणि एकाच्या नियमांचा दुसऱ्याला त्रास होत नाही. कुलपाचे नाव तेच घेतले तरी ते कोणाकडून मिळणार, हे कॉन्टेक्स्ट ठरवतो. ‘खाली’चा अर्थ तास ठरवतो, तसेच.

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. त्याच्याकडून ऐकलेला प्रसंग सांगते. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवली आणि डिजिटल सहीच्या जुन्या पी12 फाइली उघडेनात. कारण साधे होते. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या अशा फाइलीतले प्रमाणपत्र आपणहून 40 बिटांच्या आरसी2 ने बंद करत. नवी आवृत्ती एईएस-256 वापरते आणि आरसी2 लेगसीकडे गेले आहे. वरिष्ठांनी सोपा उपाय सुचवला : मशीनच्या सामायिक कॉन्फिग फाइलीत लेगसी चालू करून टाक. “मिस, दोन ओळींचं काम होतं,” तो म्हणाला.

दोन ओळींचे काम होते हे खरे, पण त्या ओळी साऱ्या घराला लागू झाल्या. ती कॉन्फिग फाइल वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आता जुनी कुलपे हाताशी आली. लगेच चोरी होते असे नाही, पण जिथे अडून ‘हे जुने आहे, बदला’ असे कळायला हवे होते, तिथे आता सगळे गुपचूप चालते. यात आणखी एक खाच आहे. लेगसी हाताने चालू केला की डिफॉल्ट आपणहून येत नाही, तोही सांगून चालू करावा लागतो. ते विसरले तर जुनी फाइल उघडायला जाऊन नवे सगळे बंद पडते.

माझ्या मते योग्य रस्ता दुसरा आहे. जुन्या फाइलींसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट तयार करा. त्यात लेगसी आणि डिफॉल्ट दोन्ही बोलवा. फाइल उघडा, आतला ऐवज नव्या कुलपात पुन्हा बंद करा. मग त्या कॉन्टेक्स्टमध्ये घेतलेल्या वस्तू आधी मोकळ्या करा, प्रोव्हायडर परत पाठवा आणि शेवटी कॉन्टेक्स्ट मिटवा. हा क्रम चुकवू नका. आजीची जुनी पेटी उघडायची म्हणून कोणी साऱ्या घराची कुलपे बदलत नाही.

यातली सर्वांत नाजूक जागा मात्र शांततेची आहे. कॉन्टेक्स्टच्या जागी काहीच दिले नाही, म्हणजे ‘नल’ दिले, तर ओपनएसएसएल चूक दाखवत नाही. ती आपली डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट घेते. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच फंक्शनांमध्ये तर कॉन्टेक्स्ट द्यायला जागाच नाही, त्यासाठी नव्या जोड्या शोधून वापराव्या लागतात. तुम्ही वेगळा कॉन्टेक्स्ट बनवता, एका ठिकाणी तो द्यायला विसरता आणि काम भलत्याच नियमांनी होते. हे वाचताना मला आपली ओळख आठवते. आपण काही बोललो नाही की समोरचा स्वतःचा डिफॉल्ट धरून चालतो. नाव ऐकले की घरी मराठी बोलत नसतील, असे ठरवून टाकतो आणि मग “तुम्ही मराठी छान बोलता हो!” म्हणून कौतुकही करतो. न सांगितलेला संदर्भ कोणीतरी भरतोच, आणि तो आपल्याला हवा तो नसतो.

कोणी विचारेल, एवढा उपद्व्याप प्रत्येकाने का करायचा? प्रत्येकाने नाहीच करायचा. एकटा, छोटा प्रोग्राम असेल तर डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट पुरतो. दर विनंतीला नवा कॉन्टेक्स्ट बनवणे हाही अतिरेक, कारण बनवण्याला किंमत पडते. पण तुमचा कोड दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये राहायला जाणार असेल तर तो भाडेकरू आहे. त्याने घरमालकाच्या भिंती पाडू नयेत, आपली खोली मागून घ्यावी.

हे सगळे एका शिक्षिकेने का सांगावे? 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारचे पहिले क्रमांक वाटले गेले. आता माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आधार, खाते क्रमांक आणि शिष्यवृत्तीचे कागद कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर असतात. ती अमानत आहे. ज्यांच्या हाती ती दिली, त्यांनी ‘चालतंय ना’ एवढ्यावर समाधान मानू नये.

नवव्या शतकात अल्-किंदींनी अक्षरे किती वेळा येतात हे मोजून गुप्त लिपी फोडण्याची रीत लिहून ठेवली. आपल्या जलशांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. अभिमान ठीक आहे, पण आपल्या उर्दू शाळांतून निघून संगणक शिकायला गेलेली मुले आज कुलपे कशी लावतात, तेही विचारायला हवे. गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालला की गुण द्या, पण त्याआधी विचारा : हे कोणत्या कॉन्टेक्स्टमध्ये चालले? उत्तर “माहीत नाही” आले, तर त्याला परत बसवा.