चौथी सीट
मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, म्हणजे टेकतो, आणि बाकीचे मुकाट सरकतात. लेडीज डब्यात तर भाजी निवडून होते, दहावीतल्या मुलांची चौकशी होते, ‘कुठे उतरणार?’ विचारून जागेचे नंबर लागतात. रोजची एखादी दोन दिवस दिसली नाही की ग्रुपवर विचारणा सुरू. आडनाव ठाऊक नसतं. गुडघेदुखी मात्र तोंडपाठ. (भांडणंही होतात, दारात उभं राहण्यावरून तर कडाक्याची.) २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, लोकल ठप्प झाल्या, तेव्हा अनोळखी लोकांनी अडकलेल्यांना चहा-बिस्किटं दिली, घरात घेतलं. त्याचं कौतुक पुष्कळ झालं, व्हायलाच हवं. मला मात्र डोंबिवली ते दादरच्या मधे, धावत्या गाडीत मैत्रिणीचं डोहाळजेवण उरकणाऱ्या बायका जास्त थोर वाटतात.