बिनतारीची तार

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी आमच्या घरातील एखाद्या वस्तूवर गदा येते. यंदा पाळी होती २०१२ साली घेतलेल्या संगणकाची. "अहो, हे धूड आता भंगारात द्या," असा आमच्या मंडळींचा निकाल. अपराध एवढाच, की त्याच्या पाठीत खोचलेला वायफायचा इवलासा खुंटा अधूनमधून मान टाकी.

मला मात्र निकाल मान्य होईना. कारण आई. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर तिला चेहरे नीट दिसत नाहीत. म्हणून रविवारी संध्याकाळी ती या संगणकापुढे पदर सावरून बसते आणि नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या मुलीशी बोलते. पण गेले दोन महिने पोरगी तोंड उघडी आणि तशीच थिजे. एके दिवशी आई म्हणाली, "राहू दे रे. कंटाळत असेल ती म्हातारीला." ते वाक्य मला फार लागले.

मी व्याकरण शिकविणारा माणूस. यंत्रांच्या वाटेला सहसा जात नाही. तरी कंबर कसली. खुंट्याचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. वीज वाचविण्यासाठी संगणक त्याला परस्पर झोपवू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती परवानगी काढून घेतली. राउटरला विश्रांती देऊन पाहिली. शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राचे वय विचारले आणि एखाद्या वधूपित्यासारखे पुढचे बोलणेच थांबविले!

उलगडा केला तो आईने. "अरे, त्या डबीचा दिवा लुकलुकायला लागला की पोर थिजते बघ."

ती डबी म्हणजे माझी नवी हार्ड डिस्क. रविवारी संध्याकाळी मी तीत आठवड्याची टिपणे उतरवून ठेवतो. मी डिस्क काढली. पोरगी बोलू लागली. लावली, थिजली. तीनदा केले, तीनदा तेच!

मग शोध घेतला. यूएसबी ३.० जातीची उपकरणे काम करताना रेडिओलहरींचा गोंगाट करतात आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोहोचतो. इंटेल कंपनीने २०१२ सालीच एका टिपणात हे मांडले होते. नवे खुंटे बहुधा ५ गिगाहर्ट्झवरही बोलतात. माझ्या जुन्याला २.४ खेरीज दुसरी भाषाच ठाऊक नाही. त्यात तो डिस्कच्या शेजारच्याच भोकात, संगणकाच्या पत्र्याआड. राउटर दोन खोल्या पलीकडे. कानाशी कोणी खलबत्ता कुटत असता दूरची कुजबूज ऐकू यावी कशी?

उपाय सोपा होता. एक मीटर लांबीची यूएसबीची जोडवायर आणली आणि खुंटा मागून काढून टेबलावर, डिस्कपासून दूर आणून ठेवला. वायरलेसला आपण बिनतारी म्हणतो. आमची बिनतारी शेवटी तारेने दुरुस्त झाली. भंगारवाल्याला आमच्या मंडळींनी जुना मिक्सर दिला.

पुढच्या रविवारी मी मुद्दामच डिस्क चालू ठेवली. दिवा लुकलुकत होता. पोरगी खळखळून हसली आणि आई एकदम पडद्याकडे झुकली.

"अगं बाई! पुढचा दात कधी पडला गं तुझा?"