राउटरच्या खोक्यावर मेमरीही छापा

वडप्यात मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. त्यांतल्या काहींचं नेटवर्क मी सांभाळतो. माल स्कॅनरवर वाचला गेला, ई-वे बिल निघालं, की ट्रक सुटतो. वाय-फाय बसलं की गाड्या खोळंबतात आणि हमालांचा वेळ वाया जातो. त्यामुळे राउटर ही इथे कामाची वस्तू आहे, आणि ती घेताना आत काय आहे हे कळायलाच हवं.

भंगारात जाणारे अनेक राउटर बिघडलेले नसतात. रेडिओ, पोर्ट, अँटेना सगळं ठीक असतं. फक्त कंपनीने फर्मवेअरचे अपडेट बंद केलेले असतात. तसाच राउटर चालू ठेवणंही धोक्याचं. 2018 साली 'व्हीपीएनफिल्टर' या घातक प्रोग्रॅमने 54 देशांतली किमान 5 लाख उपकरणं पोखरली होती, त्यांत घरगुती आणि छोट्या कार्यालयांतले राउटर मोठ्या संख्येने होते.

यावर उपाय आहे: कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी टाकता येणारं, लिनक्सवर आधारलेलं ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड परवान्याच्या अटीमुळे कंपनीला 2003 मध्ये खुला करावा लागला आणि 2004 पासून स्वयंसेवकांनी हा प्रकल्प उभा केला. आपल्या शेजारच्या पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावांत इंटरनेट पोचवण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या उपकरणातही हेच फर्मवेअर होतं.

अडचण येते ती हार्डवेअर ओळखण्यात. त्याच डब्ल्यूआरटी54जीच्या आधीच्या आवृत्तीत 4 एमबी फ्लॅश आणि 16 एमबी रॅम होती. 2005 मध्ये पाचव्या आवृत्तीत ती थेट निम्मी झाली आणि लिनक्सही गेलं. मॉडेलचं नाव मात्र तेच. ही पद्धत आजही सुरू आहे. ओपनडब्ल्यूआरटीला आज किमान 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम लागते. नीट चालायला त्याच्या दुप्पट. आवृत्तीचा आकडा बहुधा तळाच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो, आणि मेमरी किती हे त्यावरही नसतं.

मग आम्ही झाकण उघडतो. स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांखाली दडलेले असतात. चिपवरचे नंबर भिंगातून वाचायचे, बोर्डवरच्या सीरियल पिना शोधायच्या, त्यांना 3.3 व्होल्टचा अडॅप्टर जोडायचा आणि राउटर सुरू होताना स्क्रीनवर येणाऱ्या ओळींतून प्रोसेसर, रॅम, फ्लॅश टिपायचं. फ्लॅशच्या एका कोपऱ्यात त्या एकाच नगाच्या रेडिओची कॅलिब्रेशनची माहिती असते. तिची प्रत न ठेवता ती पुसली गेली, तर वाय-फाय पूर्ववत होणं कठीण. जगभरचे स्वयंसेवक असं प्रत्येक आवृत्तीचं वर्णन लिहून ठेवतात, म्हणून माझ्यासारख्याचं काम होतं. कंपनीकडे हीच माहिती पहिल्या दिवसापासून तयार असते.

मुक्त फर्मवेअर टाकून रेडिओची शक्ती मर्यादेबाहेर वाढवली जाईल, अशी भीती दाखवली जाते. ती मर्यादा जरूर पाळली जावी. पण रॅम किती हे छापल्याने कोणतीच लहर मर्यादा ओलांडत नाही. उघडपणे माल विकता येतो हेही सिद्ध झालं आहे. 2024 च्या अखेरीस आलेल्या 'ओपनडब्ल्यूआरटी वन' राउटरचा प्रोसेसर, 1 जीबी रॅम, 256 एमबी फ्लॅश हे सगळं जाहीर आहे.

आपल्या वेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर उत्पादक, कमाल किंमत, निर्मितीचा महिना छापावाच लागतो. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने राउटरसाठी त्यात चार ओळी वाढवाव्यात: हार्डवेअर आवृत्ती, प्रोसेसर, रॅम-फ्लॅश आणि अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील. युरोपीय संघाच्या सायबर कायद्यानुसार डिसेंबर 2027 पासून अपडेटच्या मुदतीचा महिना आणि वर्ष खरेदीच्या वेळीच सांगावं लागणार आहे. आपल्या ग्राहकाला त्याहून कमी का मिळावं? नियम होईपर्यंत एवढं करा: राउटर घेताना दुकानदाराला आवृत्ती विचारा, आणि ती सांगता येत नसेल तर तो राउटर घेऊ नका.