दोष द्यायची घाई, नोंद ठेवायचा कंटाळा

आज पिकापाण्याचं नाही, थोडं वेगळं लिहितोय.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडालं आणि अर्ध्या मिनिटात मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. जमिनीवरची १९ माणसं गेली. एकूण २६० जीव.

धूर विझायच्या आत मोबाईलवर निकाल लागले. कुणी म्हणे पायलट, कुणी म्हणे कंपनी, कुणी म्हणे घातपात. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उडाल्यावर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले. एक पायलट विचारतो, का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. दहाएक सेकंदांत स्विच परत चालू केले, पण विमान जमिनीजवळच होतं, सावरायला वेळ उरला नाही. स्विच बंद कसे झाले, हे अहवालात नाही. तरी लोकांनी मेलेल्या माणसाला दोषी धरून टाकलं. त्याच्या घरच्यांनी काय करायचं?

विमान अपघाताच्या चौकशीचा जगभरचा नियम आहे: चौकशी पुन्हा तसं घडू नये म्हणून करायची, दोष वाटायला नाही. मला हे पटतं.

आता आपल्याकडं बघा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. मळणी यंत्रात कुणाचा हात गेला की आपण म्हणतो, "लक्ष नव्हतं त्याचं." झाली चौकशी! पुढच्या हंगामात त्याच यंत्रावर, पट्ट्याला जाळी न बसवता, दुसरा माणूस उभा.

आपल्या शेतात ब्लॅक बॉक्स नाही, पण दहा रुपयांची वही मिळते. कोणतं औषध, पंपाला किती मिली, कशात काय मिसळलं, वारा कसा होता, किती तास फवारलं, एवढं त्याच दिवशी लिहा. कुणाला चक्कर-उलटी झाली तर औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात न्या. विष कोणतं आणि त्यावर उतारा काय, ते डॉक्टरला लेबलावरून कळतं.

तुमच्या शिवारात असा अपघात झाला असेल तर कुणाचं नाव न घेता, कसा झाला तेवढं खाली लिहा. दुसऱ्याचा हात वाचेल.