हसणाऱ्यांनो, आधी मिच्छामि दुक्कडं म्हणा



आज जरा कडक लिहिणार आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गासमध्ये बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालतो. आठवड्यातून तीन दिवस, रात्री सव्वाआठ ते नऊ. वेळ अशी ठेवली आहे, कारण तोवर आपलं प्रतिक्रमण झालेलं असतं आणि ख्रिस्ती मैत्रिणींची घरची संध्याकाळची प्रार्थनाही आटोपलेली असते. पंधरा-सोळा जणी येतात. कुणाच्या घरी कादोडी बोलतात, कुणाच्या घरी मारवाडी, कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या घरी मराठी. कुणाची केळीची वाडी आहे, कुणी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून रिक्षाने येते. मीही जाते. आपल्या समाजातल्या मात्र आम्ही तिघीच. परिसरात आपली इतकी घरं असताना तिघीच का, हा माझा प्रश्न आहे. कारणं मी ऐकली आहेत. एकेक घेते.

पहिलं कारण, वय. "आता या वयात इंग्रजी कशाला, भाभी?" मला सांगा, साठीनंतर प्रतिक्रमण पाठ करायला घेणाऱ्या सासूबाईंना आपण असं विचारतो का? उलट कौतुक करतो. प्रभावना वाटतो. लोगस्स, नमोत्थुणं, करेमि भंते ही सूत्रं काही मराठीत नाहीत. अर्धमागधीचे शब्द आपल्या जिभेवर बसले, कारण आपण ते रोज मोठ्याने म्हटले. अडखळलो, पुढे म्हटले. शेजारी बसलेल्या श्राविकेने हळूच शब्द पुरवला, आपण तो घेतला. परकी वाटणारी भाषा मोठ्या वयात तोंडाने शिकायची कशी, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? इंग्रजी संभाषणालाही हीच रीत लागते. पुस्तक वाचून ते येत नाही, मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून तर नाहीच नाही. तोंड उघडावं लागतं.

दुसरं कारण, वेळ. हे कारण आपल्या घरांतून ऐकलं की मला नवल वाटतं. चौविहार करणाऱ्या बाईचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, हिवाळ्यात सहाच्या आत, आषाढात सव्वासातच्या आसपास. त्यानंतर तिच्या तोंडात पाणीही जात नाही. मग तिचा रात्रीचा वेळ मोकळा असायला हवा. तो जातो कुठे? विरार लोकलने उशिरा घरी येणाऱ्यांसाठी चूल पुन्हा पेटते, तिथे जातो. व्रत तिचं, पण रात्री गरम फुलके लाटायचे तेही तिनेच. कष्ट करून, लोकलची गर्दी सोसून दमून येणाऱ्याला जेवण मिळू नये, असं मी म्हणत नाही. डबा झाकून ठेवता येतो, डाळ गरम करता येते. आठवड्यातून तीन रात्री पंचेचाळीस मिनिटं, एका सामायिकापेक्षाही कमी वेळ, एवढाच हा हिशेब आहे.

तिसरं कारण धर्माचं सांगतात. इंग्रजी म्हणजे वळण बिघडणं. यांना मी 1893 ची आठवण करून देते. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं. साधूंना जहाजाने जाता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवलं. समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच लोकांनी वीरचंदभाईंवर टीका केली. आज त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. जैन धर्म अमेरिकेच्या व्यासपीठावर त्यांनी मांडला तो इंग्रजीतूनच ना? त्यांनी धर्म सोडला नाही. धर्म सांगता यावा म्हणून भाषा वापरली.

आपल्याला शिकागोला जायचं नाही. पण इस्पितळात जावं लागतं. केरळहून आलेली परिचारिका समोर असते, तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. तिला सांगायचं असतं की मी सूर्यास्तानंतर खात नाही, गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. जेवणात कांदा, लसूण, बटाटा नको. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. हेच औषध गोळीच्या किंवा पातळ रूपात मिळेल का, असं विचारायचं असतं. नवरा कामावर, मुलगा बंगलोरला. अशा वेळी गप्प राहिलेल्या बाईचं व्रत कोण सांभाळणार? परदेशी मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या किती जणी विमानात उपाशी बसतात, कारण ताटात काय आहे ते विचारता येत नाही! धर्म पाळण्यासाठीसुद्धा कधी कधी दोन वाक्यं बोलावी लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. इस्पितळाची संमतिपत्रं, विम्याचे आणि बँकेचे कागद मराठीत मिळायलाच हवेत. ही मागणी सोडायची नाही. पण मागणी पुरी होईपर्यंत समजत नसलेल्या कागदावर सही करत बसायचं का?

आता खऱ्या कारणाकडे येते, जे कुणी उघड सांगत नाही. लाज. आणि लाज कुठून येते? हसण्यातून. आपला मुलगा आपल्या उच्चाराची नक्कल करतो आणि सगळं घर हसतं. पालकसभेला निघताना मुलगी सांगते, "मम्मी, तू काही बोलू नकोस हं." किटी पार्टीत एखादी चुकीचं इंग्रजी बोलली की बाकीच्या एकमेकींकडे बघतात. 2012 साली 'इंग्लिश विंग्लिश' पाहून आपण सगळ्याच रडलो होतो. लाडू करणाऱ्या शशीची मुलगी तिची लाज बाळगते, तिथे पदर डोळ्याला गेला होता. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर घरात काय बदललं?

रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या न्यायमूर्तींच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं. यासाठी त्यांचा छळ कुणी केला? घरातल्या बायकांनीच. टोमणे मारले, अबोला धरला. पुढे याच रमाबाईंनी 1909 मध्ये पुण्याला सेवासदन उभं केलं आणि तिथे मोठ्या वयाच्या, लग्न झालेल्या बायकांचे वर्ग चालवले. टोमणे मारणाऱ्यांची नावं आज कोण घेतं?

आपल्याकडे तर हसण्याला नावच आहे. भाषा समिती आपण रोज म्हणतो. बोलणं मोजकं असावं, कुणाला दुखवणारं नसावं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलं आहे. त्यात मत्सर आहे, अंतराय आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं. कुणी म्हणेल, ते धर्मज्ञानाबद्दल आहे, इंग्रजीला कशाला लावता? इंग्रजी म्हणजे सम्यक् ज्ञान नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या घरी लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर आपण तो उचलून कपाळाला लावतो. कुठल्या लिपीतला आहे ते बघत नाही. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित, ही गोष्ट आपण मुलींना अभिमानाने सांगतो. मुलींना सांगायची आणि त्यांच्या आईला हसायचं?

आमच्या वर्गातली पद्धत सांगते, म्हणजे हसण्याशिवायही शिकता येतं हे कळेल. दोघी-दोघींच्या जोड्या होतात. एक औषधवाली, एक गिऱ्हाईक. एक शाळेतल्या बाई, एक आई. तीन मिनिटं फक्त इंग्रजी. मधे कुणी कुणाला थांबवायचं नाही. शिकवणाऱ्या ताई चुका वहीत टिपतात आणि शेवटी फळ्यावर लिहितात, पण चूक कुणाची ते सांगत नाहीत. सगळ्या मिळून ती दुरुस्त करतो. 'यस्टरडे आय गो' म्हणणारी बाई महिन्याभरात 'यस्टरडे आय वेंट' म्हणायला लागते. वाडीत पानवेल, केळी सांभाळणारी मैत्रीण आणि मी, आम्ही एकमेकींना आज काय रांधलं ते सांगतो. कंदमुळं का खात नाही, हे तिला इंग्रजीत सांगायला मला तीन आठवडे लागले. आता ते नीट सांगता येतं.

गासच्या शेजारचं सोपारा आपल्या परंपरेत किती मोठं आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? बारा वर्षांच्या दुष्काळात इथल्या जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लाख मोलाचं अन्न शिजलं होतं. त्यात विष कालवून सगळ्या कुटुंबाने मरायचं ठरवलं होतं. वज्रसेनसूरी गोचरीला आले. ईश्वरी श्राविकेने काय चाललं आहे ते त्यांना उघड सांगितलं. त्यांनी तिला थांबवलं, उद्या सुकाळ होईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी धान्याची जहाजं बंदरात आली. तिचे चार मुलगे, नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर, यांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुळं चालली. ईश्वरी लाजून गप्प बसली असती तर?

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. नवऱ्यांनी आठवड्यातून तीन रात्री स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं. मुलांनी रोज दहा मिनिटं आईशी इंग्रजीत बोलावं आणि चुकली तर तिचं वाक्य पुरं होऊ द्यावं. संघाच्या मंडळींना विनंती आहे, स्थानकात नको, तिथली मर्यादा मलाही पाळायची आहे, पण जेवणावळींना मिळणारं सभागृह रिकामं असतं तेव्हा बायकांच्या वर्गाला द्या. आणि मैत्रिणींनो, आपण एकमेकींना हसणं बंद करूया. संवत्सरीला आपण सगळ्यांना खमावतो. यंदा जिच्या इंग्रजीला हसलो होतो तिच्या घरी आधी जाऊया. क्षमा मागून झाली की तिला वर्गाची वेळ सांगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वाआठ.

जय जिनेंद्र.