फेस कुठे येतोय ते बघा!

"तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, माझा गॅसचा सिलिंडर रात्रीत रिकामा कसा झाला?"

अमेरिकेतल्या आमच्या दादाचा, म्हणजे चुलतभावाचा, हा फोन. तिथे १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करायची मुभा मिळाली. दादा ती १९ लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये भरतो. कार्बन डायऑक्साइड गळून गेला, आता बिअर नासलीच असणार, म्हणून साहेब सगळी मोरीत ओतायला निघाले होते.

(आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे. रेक्टर सरांनी निर्धास्त असावे, मुद्दा गळतीचा आहे!)

मी विचारलं, "दादा, साबणाचं पाणी लावलंस का?" नव्हतं लावलं. लावल्यावर झाकणाच्या कडेला बुडबुडे दिसले. रबरी रिंग तिरकी बसली होती. ती काढून धुतली, खाण्याला चालणारं ग्रीस लावलं, आतून दाब देऊन झाकण बसवलं. फेस थांबला.

राहिली नासण्याची भीती. आत दाब आहे तोवर गॅस बाहेर पडतो, हवा आत शिरत नाही. दाब पार गेला तरच हवेने चव उतरते, पुढे आंबटपणा येतो. शिवाय बिअर मुळातच आम्ल, त्यात अल्कोहोल आणि हॉप्स. रोगजंतूंचा तिथे सहसा टिकाव लागत नाही. वास घ्या, घोटभर चाखा, मग ठरवा. दादाची बिअर ठणठणीत होती.

दुधाला असं कुठलंच कवच नाही. आम्ही संगमनेर तालुक्यातले, डेअरीला दूध घालणारे. एका उन्हाळ्यात आमचा ४० लिटरचा कॅन नासला म्हणून परत आला. दिवसाची कमाई गेली. वडिलांनी उन्हाला, चाऱ्याला, नशिबाला दोष दिला. आईने मात्र झाकणाच्या रबराखाली बोट घातलं. जुन्या दुधाचं चिकट किटण निघालं!

मित्रांनो, दादा शिकलेला, वडील अनुभवी. दोघांनीही आधी धसका घेतला, तपासणी नंतर. आपण तरी वेगळं काय करतो? गॅस्केटवर दहा मार्कांचं उत्तर पाठ, पण मेसमध्ये गॅसचा वास आला की सगळे दाराबाहेर. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका, एवढंही कुणाला सुचत नाही. साबणाचं पाणी तर दूरच.

माझं म्हणणं साधं आहे. मेसमध्ये साबणाच्या पाण्याची एक बाटली कायम टांगलेली असावी. आणि वर्कशॉपमध्ये एक दिवस जर्नल बाजूला ठेवून आम्हाला जुने व्हॉल्व्ह, कुकर, दुधाचे कॅन खोलायला द्यावेत. वायसर बदलणं हे काही हलकं काम नाही. आमच्या घरी त्याच्यावाचून ४० लिटर दूध गेलं होतं.