चौथा मित्र हवाच!

समजा, बाभुळगावचे तीन मित्र पुण्यात नोकरीला आहेत. दिवाळीला घरी जायचंय. रेल्वेने धामणगावला उतरायचं आणि पुढे तिघांनी मिळून गाडी करायची. शुक्रवारी निघा नाहीतर शनिवारी, दिवस कुठलाही चालेल, पण तिघांचा एकच हवा. अट एवढीच, ग्रुपवर मेसेज नाही, एकेकाला फोन करायचा.

अमोलने दिवस ठरवला आणि दोघांना फोन केला. सचिन ऐकतो 'शुक्रवार'. खात्री करायला तो नितीनला विचारतो, तर नितीन म्हणतो, 'मला तर शनिवार सांगितलं!' आता थापाड्या कोण? अमोल, की नितीन? सचिनने कितीही डोकं खाजवलं तरी कळणार नाही. तिघांत एक जरी चालू निघाला, तरी उरलेल्या दोघांचा पोपट!

आता यात प्रवीणला घ्या. अमोलने सांगितलेला दिवस तिघं एकमेकांना विचारून पडताळतील आणि दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवतील. नितीन फेकत असेल तर तो एकटा पडतो. अमोलच फेकत असेल, तरी तिघांकडे तीच तीन उत्तरं असतात, म्हणजे निर्णय एकच होतो. चौघांत एक खोटारडा खपतो, तिघांत नाही.

हे कट्ट्यावरचं गणित वाटलं ना? कॉम्प्युटर सायन्समध्ये ते फार मानाचं आहे. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस या तिघांनी 1982 साली ते शहराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या गोष्टीतून मांडलं. लॅम्पोर्टच्या मनात आधी अल्बेनियाचे सेनापती होते. पण उगाच कुणी दुखावायला नको, म्हणून नाव पडलं 'बायझंटाईन' सेनापती. ते साम्राज्यच उरलेलं नाही, तक्रार कोण करणार! नियम सोपा आहे. एकूण संख्या खोटारड्यांच्या तिपटीपेक्षा निदान एकाने जास्त हवी. एक लबाड असेल तर चार, तेहतीस असतील तर शंभर.

बंद पडलेला कॉम्प्युटर परवडतो, बॉस. चालू राहून प्रत्येकाला वेगवेगळं सांगणारा नको! 1999 साली मिग्वेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी हे उत्तर रोजच्या वापरात परवडेल इतकं वेगवान करून दाखवलं. पुढे अनेक ब्लॉकचेन याच कल्पनेवर उभ्या राहिल्या.

आणि ही कल्पना थेट आपल्या विदर्भात येऊन पोचली! मार्च 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत 65 हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनच्या आधाराने देण्याचा प्रकल्प जाहीर झाला. तेव्हाचे तिथले सहायक जिल्हाधिकारी शुभम गुप्ता, 'लेजिटडॉक' हा स्टार्टअप आणि 'पॉलिगॉन' हे नेटवर्क, अशी ही टीम. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की कागदात नंतर कुणी खाडाखोड केली का ते कळावं, हा हेतू.

पॉलिगॉनवर नोंदी तपासणाऱ्या कॉम्प्युटर्सना 'व्हॅलिडेटर' म्हणतात. त्यांची मतं डोकी मोजून नाही, तर गहाण ठेवलेल्या टोकन्सवर ठरतात, आणि दोन तृतीयांशांपेक्षा जास्त वजन एका बाजूला आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. गंमत म्हणजे त्याच मार्चमध्ये एका अपग्रेडनंतर व्हॅलिडेटर्समध्ये फाटाफूट झाली, दोन तृतीयांश जमेना आणि नेटवर्क अकरा तासांच्या आसपास ठप्प झालं. लोक वैतागले. पण नीट बघा, एकमत नसताना पुढे रेटण्यापेक्षा थांबलेलं बरं, हाच तर या पद्धतीचा स्वभाव!

आता खरा मुद्दा. हे सगळे व्हॅलिडेटर कशावर एकमत करतात? नोंद काय झाली आणि ती नंतर बदलली का, यावर. नोंद मुळात खरी होती का, हे त्यांना कसं कळणार? अमोलने चौघांना 'शुक्रवार' सांगितलं, पण शुक्रवारी गाडीच नसली तर? एकमत शंभर टक्के, आणि चौघेही स्टेशनवर!

'व्हॅलिडिटी' हा शब्द तर आपल्याकडे ॲडमिशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कित्येकांना पाठ आहे. 1994 साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीची रीत घालून दिली. समिती, दक्षता पथक, जुने शाळेचे दाखले, घरी जाऊन चौकशी. खटला महाराष्ट्रातलाच. 2017 साली त्याच न्यायालयाने सांगितलं, की खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश टिकवता येणार नाही. कारण अशी एक जागा गेली, की एका खऱ्या आदिवासी मुलाची किंवा मुलीची संधी जाते.

ही चौकशी कुठलाही प्रोटोकॉल करत नाही. त्यासाठी दाखले चाळणारा, गावात जाऊन चार प्रश्न विचारणारा माणूस लागतो. ब्लॉकचेन त्याचं काम जपून ठेवेल, त्याच्याऐवजी करणार नाही.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये कुणी छाती फुगवून म्हणालं, 'डेटा ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे खराच', तर गोड हसून एकच प्रश्न टाका, 'पहिली नोंद कुणी केली, आणि ती कुणी तपासली?'